अनेक भागांच्या आयात भांड्यांच्या सीमाशुल्क वर्गीकरणाबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ, नवी दिल्ली
(मा. जिल्हाधिकारी, जालना यांच्यामार्फत)

विषय : एकापेक्षा अधिक पदार्थांनी किंवा सुट्या भागांनी बनलेल्या आयात स्वयंपाकभांड्यांच्या वर्गीकरणाबाबत सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १५१अ अन्वये स्पष्ट सूचना काढणेबाबत.

महोदय,

सीमाशुल्क टॅरिफ कायदा, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत स्वयंपाकाची भांडी मुख्यतः ती कशाची बनली आहेत यावरून विभागलेली आहेत. लोखंड व पोलादाची, म्हणजे स्टेनलेस स्टीलचीही, भांडी शीर्षक ७३२३ मध्ये येतात. तांब्या-पितळेची ७४१८ मध्ये, ॲल्युमिनियमची ७६१५ मध्ये, चिनी मातीची ६९११ मध्ये, काचेची ७०१३ मध्ये, प्लास्टिकची ३९२४ मध्ये आणि लाकडाची ४४१९ मध्ये. काही वस्तू मात्र कामावरून ओळखल्या जातात : विजेचा राइस कुकर ८५१६, मिक्सर ८५०९, थर्मास ९६१७, तर हाताने चालणारी दहा किलोपर्यंतची यांत्रिक साधने ८२१०. भांडे एकाच पदार्थाचे असेल तर वादाला जागा उरत नाही. पण केदारखेडा (ता. भोकरदन) येथील दुकानांत आज विकला जाणारा आयात माल असा एकजिनसी राहिलेला नाही. कढई स्टीलची, तिच्या पोटात ॲल्युमिनियमचा थर, झाकण काचेचे, मूठ बेकलाइटची. दोरी ओढून कांदा चिरायच्या चॉपरची वाटी प्लास्टिकची आणि पाती स्टीलची.

वर्गीकरण बदलले की शुल्क बदलते. २०२० च्या अर्थसंकल्पात चिनी माती, लोखंड-पोलाद व तांब्याच्या घरगुती भांड्यांवरील मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के झाले. आयातीवरचा एकात्मिक जीएसटीही याच वर्गीकरणामागे चालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून धातूच्या भांड्यांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, विजेची उपकरणे मात्र १८ टक्क्यांतच राहिली. म्हणजे कोणत्या शीर्षकात माल बसवला, यावर दुकानातली किंमत ठरते.

शीर्षक ठरवण्यासाठी अनुसूचीच्या सुरुवातीला अर्थबोधाचे सहा सर्वसाधारण नियम दिलेले आहेत. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू असून नियम मुळात चांगले आहेत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पहिला नियम सांगतो की आधी शीर्षकाचे शब्द आणि विभाग व प्रकरणांच्या टिपा पाहाव्यात. धातूंसाठी विभाग १५ ची सातवी टीप आहे : दोन किंवा अधिक मूळ धातूंची वस्तू ज्या धातूचे वजन अधिक, त्या धातूची मानावी. जाडी, किंमत किंवा दर्शनी भाग येथे मोजला जात नाही.

ही टीप वाचायला सोपी, लावायला अवघड. ट्रायप्लाय, म्हणजे तीन थरांच्या, कढईत दोन्ही बाजूंचे स्टील मिळून ०.८ मिलिमीटर आणि मधले ॲल्युमिनियम १.७ मिलिमीटर आहे असे धरू. ॲल्युमिनियमची जाडी दुपटीहून अधिक आहे. पण स्टीलची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ७.९ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम. त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरला स्टील सुमारे ०.६३ ग्रॅम आणि ॲल्युमिनियम ०.४६ ग्रॅम भरते, आणि कढई ७३२३ मध्ये जाते. मधला थर २.४ मिलिमीटर झाला, की ॲल्युमिनियम ०.६५ ग्रॅमवर पोचते आणि तीच कढई ७६१५ मध्ये येते. बाहेरून दोन्ही कढया सारख्याच दिसतात. थरांची जाडी किंवा धातूनिहाय वजन बीजकावर लिहिण्याची सक्ती नसेल, तर बंदरावरचा अधिकारी तरी हे कशावरून ठरवणार?

सुटे भाग वेगळे आले तर प्रश्न आणखी गुंततो. नियम २(अ) नुसार न जोडलेली वस्तू एकत्र सादर केली गेल्यास ती पूर्ण वस्तूच मानली जाते. म्हणून कुकरचे भांडे, झाकण, मूठ, रिंग आणि शिट्टी एकाच खेपेत जोडणीसाठी आली तर तो कुकरच. रिंगा मात्र दुरुस्तीसाठी स्वतंत्र आल्या आणि त्या रबराच्या असल्या तर त्या ४० व्या प्रकरणात जातात, नुसती काचेची झाकणे ७० व्या प्रकरणात. थर्मासबाबत तर शीर्षक ९६१७ मध्येच आतली काच सुट्या भागांतून वगळलेली आहे. गावात कुकरची रिंग आणि थर्मासची काच नव्या वस्तूपेक्षा अधिक वेळा बदलली जाते, त्यामुळे हा तपशील किरकोळ समजू नये.

धातूसोबत काच, लाकूड किंवा प्लास्टिक असेल आणि टिपांनी उत्तर मिळत नसेल, तेव्हा नियम ३(ब) येतो : वस्तूला तिचे मूळ स्वरूप जो भाग देतो, त्यानुसार वर्गीकरण. हा भाग ओळखण्यासाठी आकारमान, वजन, मूल्य किंवा वापरातील भूमिका पाहावी, असे संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपांत म्हटले आहे. त्यात संमिश्र वस्तूचे एक उदाहरण स्वयंपाकघरातलेच आहे : लाकडी चौकट आणि तिच्यात बसणाऱ्या रिकाम्या मसाल्याच्या बरण्या. हे भाग एकमेकांना जुळवून बनवलेले असतात आणि सहसा सुटे विकले जात नाहीत, म्हणून ती एक वस्तू ठरते. किरकोळ विक्रीच्या संचासाठी मात्र वेगवेगळ्या शीर्षकांच्या किमान दोन वस्तू, एकच गरज आणि पुन्हा न बांधता थेट ग्राहकाला विकता येईल असे वेष्टन, या तिन्ही अटी लागतात. याच टिपा सांगतात की फोंड्यूचे सहा काटे हा संच नव्हे. सुऱ्या आणि निदान तितकेच चमचे-काटे एकत्र असतील तर ८२ व्या प्रकरणाची तिसरी टीप त्यांना सरळ ८२१५ मध्ये टाकते. कोणताच भाग वरचढ ठरला नाही, तर नियम ३(क) प्रमाणे अंकक्रमाने शेवटचे शीर्षक घ्यायचे. हा शेवटचा नियम न्यायाचा नसून सोयीचा आहे, आणि तिथवर जाण्याची वेळ क्वचितच यावी.

अडचण नियमांत नाही, ते लावण्याच्या रीतीत आहे. चॉपर यांत्रिक साधन म्हणून ८२१० मध्ये जावा की प्लास्टिकचे भांडे म्हणून ३९२४ मध्ये, याचे उत्तर एका बंदरावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे मिळणे परवडणारे नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ नुसार कमी भरलेल्या शुल्काची नोटीस दोन वर्षांपर्यंत, आणि हेतुपुरस्सर चुकीची माहिती दिल्याचा आरोप असल्यास पाच वर्षांपर्यंत निघू शकते. आयातदार ही जोखीम आधीच किमतीत धरतो. केदारखेड्यातील दुकानदार स्वतः आयात करत नाही. तो ठोक व्यापाऱ्याकडून माल उचलतो आणि वाढलेला भाव निमूटपणे पुढे ग्राहकावर टाकतो. अग्रिम निर्णयाची सोय मुंबईत आहे, पण तो निर्णय अर्ज करणाऱ्यापुरताच बंधनकारक असतो.

दुकानदाराला याहून जवळची धास्ती आयएसआय चिन्हाची आहे. १४ मार्च २०२४ च्या आदेशाने स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना आयएस १४७५६ आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएस १६६० हे मानक बंधनकारक झाले. ट्रायप्लाय कढई सीमाशुल्कात एका धातूची आणि मानकात दुसऱ्या धातूची मानली गेली, तर मधल्या मध्ये सापडतो तो विक्रेता, कारण मानक ब्युरोच्या २०१६ च्या कायद्याखाली विनाचिन्ह माल विकणाराही कारवाईस पात्र असतो.

या परिस्थितीत पुढील मागण्या करण्यात येत आहेत. मंडळाने कलम १५१अ अन्वये संमिश्र भांड्यांबाबत एक परिपत्रक काढावे. त्यात ट्रायप्लाय व तळाला वेगळा धातू असलेली भांडी, काचेच्या झाकणाची कढई, चॉपर, थर्मास व त्याची काच, मसाल्याच्या बरण्यांचा संच आणि कुकरचे सुटे भाग यांची उदाहरणे गणितासह द्यावीत. धातूनिहाय वजनाचे उत्पादकाचे प्रमाणपत्र बिल ऑफ एंट्रीसोबत घ्यावे. तसे प्रमाणपत्र आलेल्या मालावर पुढे केवळ मतभेदावरून पाच वर्षांची मुदत लावू नये. न्हावा शेवा येथील आयात संगणकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०२३ रोजी, आयातदाराचे वर्गीकरण चुकीचे असल्याचे सिद्ध करण्याचा भार खात्यावर असतो, असे म्हटले आहे. परिपत्रकात त्याचा उल्लेख असावा. टॅरिफचे शीर्षक आणि भारतीय मानक यांची सांगड दाखवणारा तक्ता मानक ब्युरोशी विचारविनिमय करून जोडावा.

परिपत्रक मराठीतही प्रसिद्ध व्हावे. जालन्याच्या ड्राय पोर्टची पायाभरणी २५ डिसेंबर २०१५ रोजी झाली. तेथील सीमाशुल्क व्यवस्थेत वर्गीकरणाच्या मार्गदर्शनाची खिडकी असावी आणि परिपत्रकाची प्रत भोकरदन तहसील कार्यालयात पाहायला मिळावी, ही विनंती.

निवेदक : भांडी विक्रेते व ग्राहक, केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना
प्रत माहितीस्तव : भारतीय मानक ब्युरो