नकलेतली चूक आणि अमरावतीचा स्वॅब

कचेरीतल्या कारकुनाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. रजिस्टरची नकल करताना एखादे अक्षर चुकले, की त्या नकलेवरून पुढे होणाऱ्या प्रत्येक नकलेत तीच चूक उतरते. दहा नकला पुढ्यात ठेवा, कोणती कोणावरून उतरवली हे चुकाच सांगतात.

कोरोनाच्या विषाणूचा माग याच रीतीने काढतात. त्याच्यात सुमारे ३०,००० अक्षरांचा मजकूर असतो. माणसाच्या शरीरात तो स्वतःच्या असंख्य नकला करतो आणि मधूनमधून चुकतो. बहुतेक चुका वाया जातात. एखादी मात्र त्याच्या कामाची ठरते, आणि तो अधिक झपाट्याने पसरतो. पॉझिटिव्ह नमुन्यातला हा सगळा मजकूर वाचणे म्हणजे जिनोम सिक्वेन्सिंग. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी १० प्रयोगशाळांची ‘इन्साकॉग’ ही साखळी उभारली. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था त्यातलीच. पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी ५ टक्के वाचायचे ठरले होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे रुग्ण भराभर वाढले आणि २२ तारखेच्या रात्रीपासून अमरावती शहर व अचलपूर बंद झाले. भातकुलीहून रोज अमरावतीला जाणाऱ्या मजुरांची, धुणीभांडी करणाऱ्या भगिनींची रोजी बुडाली. वर बोल त्यांनाच: मास्क लावत नाहीत, लग्नात गर्दी करतात. गर्दी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गर्दी तर दिवाळीतही झाली होती. आणि एका खोलीत सहा माणसे राहतात, तिथे अंतर ठेवायचे कुठे?

२३ फेब्रुवारीला दिल्लीतून सांगितले गेले, की महाराष्ट्रात आढळलेल्या बदलांचा रुग्णवाढीशी थेट संबंध दिसत नाही. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले, की ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल असलेले नमुने महाराष्ट्रात डिसेंबरच्या मानाने वाढले आहेत, ते १५ ते २० टक्के नमुन्यांत आहेत. (ही नावे म्हणजे रजिस्टरचा पान-ओळ क्रमांक समजा.) मधला एक महिना दोष वस्त्यांच्याच माथी राहिला. या विषाणूच्या कुळाला बी.१.६१७ म्हणतात. त्याचीच एक शाखा पुढे देशभर आणि जगभर पसरली.

परदेशात तिला ‘भारतीय विषाणू’ म्हणू लागले. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरांची नावे दिली, ती डेल्टा झाली. देशाला वा गावाला बट्टा लागू नये हा त्यामागचा हेतू. वस्तीच्या नावाने हिणवले जाणे काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पुन्हा साथ आली तर स्वॅब द्यायला मागे हटू नका. मात्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा: आमच्या तालुक्यातले किती नमुने सिक्वेन्सिंगला गेले, कोणत्या तारखेला गेले, उत्तर कधी आले? तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो.