बेसाल्टच्या मुलखातील जीवाश्म

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीच्या परिसरात नांगराखाली वा ओढ्याच्या पात्रात सापडणारे नक्षीदार दगड अनेकदा जीवाश्म, म्हणजे खडकात टिकून राहिलेले प्राचीन जीवांचे अवशेष, समजले जातात. परंतु हा सारा मुलूख सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या तप्त लाव्हारसाच्या बेसाल्टचा असल्यामुळे त्या खडकाच्या गाभ्यात जीवाश्माची अपेक्षा धरणे व्यर्थ होय. त्यातील वायूंच्या पोकळ्यांत नंतर भरलेली, किरणांसारखी पसरलेली झिओलाइट खनिजे प्रवाळासारखी भासतात, तर भेगांमध्ये मँगनीजच्या ऑक्साइडांनी उमटवलेली शाखायुक्त आकृती, म्हणजे डेंड्राइट, नेच्याच्या पानाचा इतका हुबेहूब आभास निर्माण करते की जाणकारही क्षणभर थबकावा. मात्र तिच्यात पानाच्या शिरांची रचना नसते. विरळ आम्लाने फेस आला म्हणजे शिंपला, हा समजही अपुराच, कारण पोकळीतील कॅल्साइटही तसाच फसफसतो. खरे अवशेष शोधायचे ते दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात तळ्यांत साचलेल्या, नागपूरजवळ टाकळी येथे गोगलगायींच्या शंखांसाठी प्रसिद्ध झालेल्या अंतरट्रॅपी थरांत, किंवा गोदावरीच्या जुन्या गाळात, जिथे नांदूर मधमेश्वर येथे प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले. कोकणच्या किनाऱ्यावरील शिंपल्यांनी भरलेला वालुकाखडक त्यामानाने अगदी अलीकडचा. संशयास्पद दगड आढळल्यास तो न उचलता, जागेची नोंद व छायाचित्र घेऊन जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागाला दाखवावे.