आडनाव हा दाखला नव्हे

मरोळ, अंधेरी, वांद्रे या साष्टीतील जुन्या गावांत ज्या ईस्ट इंडियन समाजाची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या समाजात मिस्किटा हे आडनाव आढळते. हजेरीपटावर ते प्रथमच वाचणारा शिक्षक क्षणभर अडखळतो. कचेरीतील कारकून ते इंग्रजी समजून मोकळा होतो. वस्तुतः ते पोर्तुगीज आहे, आणि त्या भाषेत ‘मेस्किता’ म्हणजे मशीद. अरबी ‘मस्जिद’ या एकाच शब्दापासून मराठीतील मशीद, इंग्रजीतील मॉस्क आणि पोर्तुगीजांचा मेस्किता हे तिन्ही शब्द निघाले. चर्चमध्ये प्रार्थना करणारे आणि घरात मराठीची बोली बोलणारे कुटुंब मशिदीचे नाव लावते, यात वरवर विसंगती दिसते. खोलात गेल्यास ती उरत नाही.

पोर्तुगालच्या भूमीवर काही शतके मुसलमानांची सत्ता होती. त्या काळाची खूण म्हणून मेस्किता नावाची गावे तेथे राहिली आणि गावांवरून आडनावे पडली. देऊळगावकर देवळात राहत नाहीत, तसेच हे. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई व साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. धर्मांतरितांना बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे नाव मिळे. तेच पुढे वंशाला चिकटले. मरोळलगतच्या कोंडिविटे येथे जेझुइटांनी 1579 मध्ये उभारलेल्या चर्चचे अवशेष सीप्झच्या आवारात आजही उभे आहेत. पेरेरा म्हणजे नासपतीचे झाड, सिल्वा म्हणजे अरण्य, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा पुत्र. हे अर्थ नाव देणाऱ्यांच्या भूमीतले. घेणारे मात्र येथलेच कुणबी, कोळी, भंडारी होते.

तरीही आडनाव ऐकताच समोरचा मनुष्य परका ठरविला जातो. ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’ हे कौतुक ज्याच्या वाट्याला स्वतःच्याच गावात येते, त्याला त्यातील बोच कळते. ज्यांच्या घरी लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणले जाते, त्यांनी मराठीपणाचा आणखी कोणता पुरावा द्यावा?

हाच न्याय इतरांना कोणी लावत नाही. फडणवीस, चिटणीस, पारसनीस, मुजुमदार ही नावे फारसी दप्तरातून आली. म्हणून त्या घराण्यांना इराणी म्हणण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. फारसी शब्द चारशे वर्षांत मराठी झाला. पोर्तुगीज शब्दालाही जवळजवळ तितकाच काळ लोटला आहे. मग एकाला मान आणि दुसऱ्याला संशय, हा भेद कशासाठी?

या गैरसमजात खुद्द ‘ईस्ट इंडियन’ या नावानेही भर घातली, हे मान्य केले पाहिजे. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाने ते जाणीवपूर्वक घेतले. नोकऱ्यांसाठी मुंबईत येणाऱ्या गोवेकर व मंगळूरकर ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, येथील मूळचे, हे सरकारदरबारी ठसविण्याचा तो प्रयत्न होता. जे नाव स्थानिकत्व सांगण्यासाठी घेतले, तेच आज अनेकांना परदेशी वाटते, हा इतिहासाचा उपहासच म्हणावा लागेल.

प्रश्न केवळ भावनेचा नाही. मिस्किटा, मिस्क्विटा, मेस्किटा अशी एकाच घरातील तीन माणसांची नावे तीन कागदांवर तीन तऱ्हांनी उतरली, तर गावठाणातील वडिलोपार्जित घराची वारसनोंद अडते आणि प्रतिज्ञापत्रांचे हेलपाटे सुरू होतात. जमिनीला सोन्याचे मोल आलेल्या उपनगरात एका अक्षराची ही चूक महागात पडते. याला उपाय मात्र साधा आहे. नाव ज्याचे त्याच्याकडून ऐकावे, त्याने सांगितले तसे लिहावे आणि जुन्या कागदाशी ताडून पाहावे. आडनाव घराण्याचा इतिहास सांगते. माणसाचा धर्म, भाषा वा गाव यांचा तो दाखला नव्हे. हजेरी घेणाऱ्या शिक्षकाने एवढे ध्यानी ठेवले, तरी वर्गातील एखादे मूल आपल्याच गावात पाहुणे ठरणार नाही.