फाटकावरचे उस्ताद

आज 14 जानेवारी. घरोघर तिळगूळ आहे, आणि इतिहासाची आवड असलेल्या घरांत पानिपताची आठवणही आहे. या तारखेचे तिसरे निमित्त मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. 1953 साली याच दिवशी जनरल करिअप्पा लष्करातून निवृत्त झाले, म्हणून आजचा दिवस माजी सैनिक दिन म्हणून पाळतात. उद्या सेनादिन, 1949 मध्ये करिअप्पांनी ब्रिटिश सेनापतीकडून भारतीय लष्कराची सूत्रे घेतली तो दिवस. उद्या दूरचित्रवाणीवर संचलन दिसेल, शेकडो बूट एका ठोक्यात पडतील आणि पाहणाऱ्याचा ऊर भरून येईल. ते बूट एका ठोक्यात पडायला ज्याने वर्षानुवर्षे शिकवले, तो तोवर निवृत्त झालेला असतो. वाशी, नेरुळ, खारघर, कामोठे, कुठल्या तरी सोसायटीच्या फाटकावर तो येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावे वहीत लिहून घेत बसलेला असतो.

लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रात त्याला 'उस्ताद' म्हणतात. हुद्द्याने तो बहुधा हवालदार, कधी नायक, कधी नायब सुभेदार. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात असो की खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, गावाकडून ट्रंक घेऊन उतरलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या रंगरुटाची खरी गाठ पडते ती या माणसाशी. अधिकारी दिसतो तो परेडला आणि तपासणीला. उस्ताद मात्र पहाटे बराक उठवल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत डोक्यावर उभा असतो. बिछान्याची घडी, बुटाची लेस, दाढी, रायफलीची नळी, सगळे त्याच्या नजरेखालून जाते. पावलाचे माप 30 इंच, मिनिटाला 120 पावले, असे कवायतीच्या पुस्तकात छापलेले आहे. पण ज्या पोराने जन्मभर डोंगरातल्या पायवाटेवर मनाला येईल तशी ढांग टाकली, त्याच्या पायात ते माप पुस्तकाने बसत नाही. उस्ताद मोजकाठी घेऊन त्याच्या शेजारून चालतो, पुन्हा चालतो, उन्हापावसात महिनोन्‌महिने चालतो. चुकला की रगडा: कोलांट्या, बेडूकउड्या, रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या. रंगरूट मनातल्या मनात त्याला शिव्या घालतो. पुढे कधी तरी बर्फातल्या चौकीवर बोटे बधिर झालेली असताना, डोळ्यांपुढे काळोख असताना, हात आपले आपण मॅगझिन बदलतात. तेव्हा तो उस्ताद दोन हजार किलोमीटर दूर कुठे तरी नव्या तुकडीवर ओरडत असतो.

सिनेमाला हे नाते फार पूर्वीपासून खुणावत आले आहे. अमेरिकेत 1949 साली 'सँड्स ऑफ इवो जिमा' आला. त्यातला सार्जंट स्ट्रायकर, म्हणजे जॉन वेन, पोरांना निष्ठुर वाटावे इतके राबवतो आणि शेवटी ज्या लढाईसाठी राबवले तिथेच एका गोळीने संपतो. 1986 च्या 'हार्टब्रेक रिज'मध्ये क्लिंट ईस्टवूडने कोरियाच्या युद्धात लढलेला, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा गनरी सार्जंट हायवे रंगवला. त्याच्या हाताखाली येते एक आळशी, उनाड तुकडी. त्या तुकडीला माणसात आणेपर्यंत हा म्हातारा स्वतः त्यांच्यापुढे धावत राहतो. पुढच्याच वर्षी आलेल्या 'फुल मेटल जॅकेट'मधला प्रशिक्षक आर. ली अर्मी हा खरोखरच मरीन दलात रंगरूट घडवलेला माणूस. त्याला सल्लागार म्हणून बोलावले होते; त्याचे काम पाहून दिग्दर्शक कुब्रिकने भूमिका त्यालाच दिली. त्या चित्रपटात एक दुबळा मुलगा छळाखाली मोडतो आणि प्रशिक्षकालाच गोळी घालून स्वतःही मरतो. शिकवणे आणि मोडणे यांत किती बारीक रेघ आहे, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या युद्धपटाने दाखवल्याचे आम्हाला आठवत नाही.

आपल्याकडे या जातीचा सर्वांत प्रामाणिक चित्रपट म्हणजे नाना पाटेकरांचा 1991 चा 'प्रहार'. बेळगावच्या कमांडो प्रशिक्षणाचे त्यातले चित्रण आजही तोडीस तोड वाटते. दोरावर लटकलेली, चिखलातून सरपटणारी, उलट्या होईपर्यंत पळणारी पोरे आणि त्यांच्यावरून नजर न हटवणारे मेजर चव्हाण. त्यांनी घडवलेला पीटर डिसूझा एका मोहिमेत पाय गमावतो, मुंबईत परत येऊन बेकरी चालवतो आणि हप्ता द्यायला नकार दिला म्हणून गुंडांकडून मारला जातो. शिकवणाऱ्याच्या वाट्याला अखेर काय येते, हा प्रश्न त्या चित्रपटाने पोटतिडकीने विचारला. तरीही एक गोष्ट नोंदवायलाच हवी. पडद्यावरचा आपला प्रशिक्षक मेजर असतो. 1998 च्या 'मेजर साब'मध्ये तर ते नावातच आहे. 'लक्ष्य'मधला तरुण घडतो तो अधिकाऱ्यांच्या अकादमीत. हॉलिवूडने सार्जंटला नायक केले. आपल्या पडद्यावर हवालदार मागच्या रांगेत शिट्टी वाजवत राहिला.

सातारा-सांगलीच्या गावांनी मात्र हिशेब वेगळा ठेवला आहे. तिथे निवृत्त होऊन आलेल्या जवानाला, त्याचा हुद्दा काही का असेना, सारा गाव 'मेजर' म्हणतो. पारावर त्याला जागा देतात, ग्रामपंचायतीच्या भांडणात त्याचा शब्द घेतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात; पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जवान कामी आले. आणि नवी मुंबईला सातारा जिल्हा परका नाही. मुंबईचे बाजार वाशी-तुर्भ्याला आले तेव्हा त्यांच्यामागे पाठीवर पोती वाहणारे माथाडी आले, ते मोठ्या संख्येने साताऱ्याच्या डोंगरी तालुक्यांतले. एक भाऊ फौजेत, एक भाऊ बाजारात, ही त्या घरांची जुनी वाटणी. फौजेतला भाऊ निवृत्त होतो तेव्हा पोरांच्या शिक्षणासाठी तोही कोपरखैरणे किंवा घणसोलीत येऊन राहतो.

त्याचे वय तेव्हा काय असते? साध्या शिपायाचे चाळिशीच्याही आत. हवालदार झाला तरी साधारण पंचविसेक वर्षांच्या नोकरीनंतर, पन्नाशीला पोचण्याआधीच बाहेर. लष्कराला तरुण अंगे लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. ज्याने काही शे मुलांना शस्त्र, शिस्त, नकाशा आणि प्रथमोपचार शिकवले, त्याला आपण विचारतो एकच प्रश्न: रात्रपाळी जमेल का? राज्याचे माजी सैनिक महामंडळ, म्हणजे पुण्याचे 'मेस्को', माजी सैनिकांना सुरक्षारक्षकाची कामे मिळवून देते आणि त्यावर अनेक घरे चालतात. पहारा हे मानाचे काम आहे, त्याला कमी लेखण्याचा इथे हेतू नाही. पण पहारा देणे आणि शिकवणे ही दोन वेगळी कसबे आहेत, आणि त्यातले दुर्मीळ कसब आपण वाया घालवत आहोत.

शिकवलेल्या पायदळाचे मोल मराठी माणसाला आज तरी समजावून सांगायला नको. पानिपतावर रोहिल्यांची फळी फोडली ती इब्राहिमखान गारद्याच्या पायदळाने, फ्रेंच पद्धतीने घोटून घेतलेल्या कवायतीच्या जोरावर. त्या रणातून जखमी पायाने वाचलेल्या महादजी शिंद्यांनी हा धडा सोडला नाही. 1784 च्या सुमारास त्यांनी द बॉइन्य नावाचा फिरंगी पदरी ठेवला, तो पलटणी शिकवण्यासाठी. पुढची काही वर्षे उत्तरेत शिंद्यांचा दरारा राहिला त्यात त्या शिकवणीचा वाटा मोठा होता. लढणारे आपल्याकडे कधीच कमी नव्हते. शिकवणारा ओळखून त्याला जवळ करणारे थोडे होते, आणि महादजी त्यांतले एक.

आता आजच्या पहाटेकडे या. पाम बीच मार्गाच्या कडेने, खारघरच्या सेंट्रल पार्कच्या बाहेर, घणसोली-ऐरोलीच्या मोकळ्या रस्त्यांवर अंधार असतानाच पोरे-पोरी धावताना दिसतात. कोणाला अग्निवीर व्हायचे आहे, कोणाला पोलीस. लष्कराच्या भरतीत 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत आले तर पूर्ण गुण. राज्य पोलिसांच्या मैदानी चाचणीचे गुण 50: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, सोबत 100 मीटर आणि गोळाफेक. ही पोरे मोबाइलवर वेळ लावून एकटी धावतात, समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती बघून आहार ठरवतात, नाही तर महिन्याची फी भरून एखाद्या 'अकॅडमी'त जातात. तिथे शिकवणारा कधी खरा फौजी असतो, कधी फक्त आवाज फौजी असतो.

फरक काय पडतो, ते 2014 च्या जूनमध्ये मुंबईने पाहिले. पोलीस भरतीत उन्हातान्हात 5 किलोमीटर धावताना काही उमेदवार कोसळले आणि दगावले. गावाकडून रात्रभर प्रवास करून आलेली, धड न जेवलेली मुले होती ती. नंतर अंतर कमी झाले, वेळा बदलल्या. मुरलेला उस्ताद अशा वेळी घड्याळाकडे नव्हे, ओठांच्या रंगाकडे बघतो. घाम यायचा थांबला की तो पोराला ओळीतून बाहेर काढतो, बूट सोडायला लावतो, सावलीत आडवा करतो, आणि पोरगा रडून 'सर, शेवटची फेरी' म्हणाला तरी ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पोराला सगळ्यांत पुढे उभा करतो. हे कुठल्या चित्रफितीत शिकवत नाहीत. वीस वर्षे रोज तीस-चाळीस पोरांचे चेहरे वाचल्यावर ते येते.

वय झालेल्या फौजीत काय शिल्लक असते, याचा पुरावा या महानगरापाशी आहे. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे लष्करातली नोकरी संपवून मुंबई पोलिसांत आले होते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर ते उभे राहिले तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती, हातात लाठी होती. कसाबच्या रायफलीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. कसाब जिवंत सापडला तो त्या पकडीमुळे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ती पकड आयत्या वेळी सुचलेली होती असे आम्हाला वाटत नाही. तरुणपणी कोणा उस्तादाने अंगात मुरवलेले काही तरी तीस वर्षांनी कामाला आले असणार.

हा विषय आजच निकडीचा होण्याचे आणखी एक कारण आहे. अग्निपथ योजनेनुसार जवान चार वर्षांसाठी भरती होतो आणि त्यांतल्या चौथ्या हिश्श्यालाच पुढे कायम केले जाते. प्रशिक्षणाचा काळ आता सुमारे 31 आठवड्यांचा आहे. वेळ कमी, म्हणून केंद्रातल्या उस्तादावरचा भार जास्त. रंगरूट जितका तयार होऊन येईल तितके बरे, आणि ती तयारी गावात, शहरात, इथल्या मैदानांवरच होऊ शकते. शिवाय 2023 च्या जानेवारीत लष्करात उभी राहिलेली पहिली तुकडी चार वर्षे पुरी करेल तेव्हा विशी-पंचविशीतली अनेक मुले घरी परततील. त्यांना पुढची वाट दाखवायला त्यांच्याच भाषेत बोलणारा वडीलधारा हवा. दहावी झालेल्या मुलांना अधिकारी करण्यासाठी सरकारने 1977 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला सेवा पूर्वतयारी संस्था काढली, अलीकडे नाशिकला मुलींसाठीही काढली. फार चांगले केले. जवान होऊ पाहणाऱ्या माथाड्याच्या मुलासाठी तितक्या आस्थेने काय केले, ते विचारायला हवे.

नवी मुंबईला हे करणे सहज शक्य आहे. आखून बांधलेले शहर, सेक्टरगणिक मैदान, पालिकेच्या नावाजलेल्या शाळा, उलव्याला सुरू झालेला विमानतळ आणि त्याच्या अवतीभोवती लागणारी हजारो शिस्तीची माणसे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने आहेत. तिथे वायुगळती झाली तर वस्ती शांतपणे हलवणारी, स्ट्रेचर उचलता येणारी तरुण मंडळी प्रत्येक प्रभागात हवीत. पालिकेने प्रत्येक प्रभागातले एक मैदान पहाटे 5 ते 7 या वेळेत भरतीपूर्व प्रशिक्षणासाठी राखून ठेवावे. तिथे शिकवायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे नोंद असलेले निवृत्त हवालदार-सुभेदार मानधनावर घ्यावेत, आणि हे मानधन फाटकावरच्या पगाराहून कमी असू नये. मुलींच्या तुकडीला निवृत्त महिला पोलीस असाव्यात. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी प्रत्येकाचे हृदय तपासावे, कारण उस्तादाच्या नजरेलाही छातीच्या आतले दिसत नाही. फी नसावी, ज्याच्या पायात धड बूट नाहीत त्याला बूट मिळावेत.

सोसायट्यांनाही एक काम आहे. तुमच्या फाटकावर माजी सैनिक असेल तर त्याला विचारा की फौजेत तो काय शिकवत होता. शस्त्र, दोराचे काम, प्रथमोपचार, वायरलेस, काहीही असेल. मग रविवारी सकाळी तासभर त्याला फाटकावरून मोकळे करा, इमारतीतली मुले त्याच्या हवाली करा आणि त्या तासाचे पैसे वेगळे द्या.

पालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारीत मांडले जाते. मैदाने आहेत, माणसे आहेत, शिकणारी पोरे तर अंधारातच रस्त्यावर उतरलेली आहेत. या मानधनाची ओळ यंदाच्या अंदाजपत्रकात छापून आली पाहिजे, एवढी आमची मागणी आहे.