खळ्यावरील जुना मालट्रक : पुरा करावा कीं मोडावा ?

शेतकऱ्याच्या घरीं जुनी वस्तु सहसा टाकली जात नाहीं. मोडक्या नांगराचें लांकूड कुळवास लागतें, जुन्या गाडीची धाव दुसऱ्या चाकावर चढते. हा काटकसरीचा गुण आहे आणि तो आम्हांस प्रिय आहे. परंतु याच गुणाच्या आडोशानें एक अवगुणहि आमच्या घरांत शिरला आहे. जी वस्तु धड कामास येत नाहीं व जी मोडण्यासहि हात धजत नाहीं, ती आम्ही वर्षानुवर्षें तशीच पडूं देतों. अनेक सभासदांच्या खळ्यावर किंवा गोठ्यामागें असा एखादा जुना मालट्रक, जीप किंवा ट्रॅक्टर उभा असेल, कीं ज्याच्या दुरुस्तीस मोठ्या हौसेनें आरंभ झाला व जें काम अर्ध्यावरच राहिलें. अशा अर्धवट कामाचें पुढें काय करावें, याविषयीं आमचें मत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

दुसऱ्याचें उदाहरण कशाला ? आमच्या वडिलांनीं १९६४ सालीं टाटा-मर्सिडीज-बेंझ बनावटीचा मालट्रक घेतला. टाटांच्या जमशेदपूर येथील कारखान्यानें १९५४ सालीं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशीं करार करून हे मालट्रक बनविण्यास आरंभ केला. तो करार १९६९ सालीं संपला व नंतर गाडीवर टाटांचें स्वतःचें चिन्ह आलें. त्या काळीं कारखान्याकडून सांगाडा, इंजिन व पुढचें तोंड एवढेंच मिळे. केबिन व माल भरण्याचा हौदा गांवाकडील सुतार सागवानी लांकडाचा बांधून देत. आमच्या ट्रकनें पंचवीस वर्षांहून अधिक काळ कारखान्यास ऊस आणि बाजारास कांदा पोंचविला. १९९१ सालीं तो थांबला तो थांबलाच.

वडील गेल्यानंतर, २०१७ सालीं, तो पुन्हां चालता करावा असें आमच्या मनानें घेतलें. इंजिन उतरविलें, केबिन काढली, रेडिएटर, गिअरबॉक्स व पुढचा आंस सुटा केला. पहिला मोठा खर्च मात्र केबिनच्या पत्र्यावर व रंगावर केला, कारण तो डोळ्यांस दिसतो ! २०१९ च्या पावसाळ्यांत आमचे वृद्ध मेस्त्री अंथरुणास खिळले आणि काम थांबलें. तोंपर्यंत एक लाख ऐंशी हजार रुपये खर्च झाले होते. थोरले बंधु म्हणत, "या पैशांत दोन एकरांस ठिबक झालें असतें." आम्ही म्हणत असूं, "एवढे घातले, आतां कसें सोडावें ?" या दोन वाक्यांच्या मध्यें तो ट्रक वर्षानुवर्षें लिंबाखालीं भिजत राहिला, व घरांत त्याचें नांव निघालें कीं जेवणें मुकाट्यानें होऊं लागलीं.

आमचें म्हणणें चुकीचें होतें, हें प्रथम कबूल करतों. विहीर खणतांना तीस फुटांवर काळा पाषाण लागला, तर जाणता शेतकरी आजवरचा खर्च मोजून सुरुंग लावीत नाहीं. पुढें पाण्याचा संभव किती व आणखी खर्च किती, एवढेंच तो पाहतो. जो पैसा गेला तो काम पुरें केलें तरी गेला व सोडलें तरी गेला. विचार करावयाचा तो पुढें लागणाऱ्या पैशाचा. विहिरीच्या बाबतींत हें शहाणपण आपणांस असतें. वडिलांच्या वस्तूच्या बाबतींत तें कोठें जातें कोण जाणे!

परंतु बंधूंचें म्हणणेंहि पुरें बरोबर नव्हतें, कारण कांहीं न करणें ही काटकसर नव्हे. उघडून ठेवलेलें यंत्र जोडलेल्या यंत्रापेक्षां लवकर नासतें. नोझल काढलेल्या भोकांतून व धुराड्याच्या नळींतून ओल शिरते आणि पिस्टन लायनरला धरून बसतात. टाकींतील जुनें डिझेल चिकट होऊन पंपापर्यंतच्या नळ्या बुजवितें. ब्रेकचीं रबरें फुगतात, तारा उंदीर कुरतडतात, आणि टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्याच्या बाजू तडकतात. याहून मोठें नुकसान माहितीचें होतें. कोणता बोल्ट कोठला, कोणती चकती कोणत्या बाजूची, हें ज्या मेस्त्रीच्या डोक्यांत होतें, तो गेला कीं सुट्या भागांचा ढीग व भंगार यांत फारसा भेद उरत नाहीं. आपण निर्णय घेतला नाहीं तर गंज तो आपल्यासाठीं घेतो, आणि गंजाचा निर्णय नेहमीं एकच असतो.

तेव्हां निर्णय करावा तो कसा ? आमच्या मतें चार गोष्टींचा निवाडा आधीं झाला पाहिजे.

पहिली गोष्ट हेतूची. हा ट्रक पुन्हां भाड्यानें माल वाहील व खर्च भरून काढील, ही आशा सोडावी. माल वाहणाऱ्या गाडीस आठ वर्षांनंतर दर वर्षीं योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, आणि साठ वर्षांच्या गाडीनें ती परीक्षा वर्षानुवर्षें देऊन नव्या गाडीशीं स्पर्धा करावी हें होणें नाहीं. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं निराळे नियम केले. त्यांप्रमाणें नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये असून ती नोंदणी दहा वर्षें चालते. परंतु अशी गाडी प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी इत्यादि कारणांखेरीज नेहमींच्या किंवा धंद्याच्या वाहतुकीस वापरतां येत नाहीं. शिवाय हे नियम मुख्यतः घरगुती मोटारी व दुचाकी डोळ्यांपुढें ठेवून केलेले असल्यामुळें मालट्रकवाल्यानें पैसा घालण्यापूर्वीं आपल्या परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करावी. सारांश, हेतु आठवणीचा व हौसेचा असेल तर तसें स्पष्ट म्हणावें. हौस हें पाप नाहीं. परंतु हौसेस धंद्याचा वेष चढवून घरच्या माणसांस फसवूं नये.

दुसरी गोष्ट सांगाड्याची. रंग, केबिन, हौदा हें सर्व नवें करतां येतें. दोन लांब पोलादी तुळयांचा सांगाडा गेला तर गाडी गेली. माती खरवडून कमानपाट्यांच्या आधारांजवळ व जोडपट्ट्यांच्या मध्यें नीट पाहावें. हातोडीनें ठोकीत जावें. खणखणीत आवाज आला तर लोखंड जिवंत आहे, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर आंतून खाल्लें आहे. इंजिन अडकलें असल्यास नोझलच्या भोकांतून पातळ तेल सोडून कांहीं दिवस मुरूं द्यावें व मग हातानेंच सावकाश फिरवून पाहावें. गिअरमध्यें टाकून ट्रॅक्टरनें ओढण्याचा उतावीळपणा करूं नये. त्यानें वांचणारें इंजिनहि मोडतें. टाटांनीं जर्मन करार संपल्यावरहि त्याच धाटणीचीं इंजिनें दीर्घकाळ बनविलीं, म्हणून या गाडीचे इंजिनाचे भाग शोधल्यास मिळतात. इतर बनावटीच्या गाड्यांचें तसें असेलच असें नाहीं. तेव्हां भागांची यादी करून ते मिळतात कीं नाहींत हें आधीं पाहावें.

तिसरी गोष्ट कागदांची, आणि येथेंच पुष्कळ घरें अडतात. नोंदणीपुस्तक कोणाच्या नांवें आहे ? मालक वारला असल्यास वारसांनीं परिवहन कार्यालयास कळवून नांव बदलून घ्यावयाचें असतें. गाडी वापरांत नाहीं असें आगाऊ कळविलेलें नसल्यास कराची बाकी सांचलेली असूं शकते. सांगाड्यावरील क्रमांक पुस्तकाशीं जुळतो कीं नाहीं हें स्वतः पाहावें. भावाभावांची सामाईक वस्तु असेल तर सर्वांची लेखी संमति घ्यावी. कागद न जमल्यास सुंदर रंगविलेला ट्रकहि खळ्याबाहेर काढतां येणार नाहीं.

चौथी गोष्ट हातांची व पैशांची. पंपवाला, लेथवाला, सुतार आणि जुन्या इंजिनाची ओळख असलेला मेस्त्री हे चौघे आपल्या टापूंत आहेत काय ? त्यांच्याकडून अंदाज घ्यावा व त्यांत निम्म्याची भर घालावी, कारण उघडल्यावांचून न दिसणारे दोष नेहमींच निघतात. हा पैसा शिलकेंतून यावा. पीककर्जाचा एक रुपयाहि या कामांत जाऊं नये, हें आमचें मत पक्कें आहे. ज्या पैशावर बियाणें व खत अवलंबून आहे, तो पैसा आठवणीवर उधळण्याचा कोणासहि अधिकार नाहीं, मग तो घरचा कर्ता कां असेना.

चारहि गोष्टी अनुकूल असतील तर काम पुरें करावें. मात्र क्रम उलटा धरूं नये. आधीं सांगाडा, मग इंजिन, मग ब्रेक व सुकाणू, मग लांकूडकाम आणि सर्वांत शेवटीं रंग. सांगाडा व कागद ठीक आहेत पण पैसा आज नाहीं, असें असेल तर गाडी नीट जपून ठेवावी. ती पत्र्याखालीं घ्यावी, ठोकळ्यांवर उचलावी, भोकें बंद करावीं, प्रत्येक सुट्या भागास चिठ्ठी बांधून पेटींत ठेवावा. आणि ही मुदत दोन वर्षांपलीकडे वाढवूं नये. सांगाडाच गेला असेल, किंवा भावांचें एकमत होत नसेल, तर मोह सोडावा. चांगले भाग दुसऱ्या जुन्या गाड्यांच्या धन्यांस विकावे. इंजिन एखाद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेस मुलांच्या शिक्षणासाठीं द्यावें. उरलेला सांगाडा मात्र रस्त्यानें जाणाऱ्या भंगारवाल्यास तसाच देऊं नये. गाडी कायमची निकामी झाल्याची खबर चौदा दिवसांच्या आंत नोंदणी अधिकाऱ्यास द्यावी असें १९८८ चा कायदा सांगतो. नोंदणीकृत मोडणी केंद्राकडे गाडी दिल्यास तेथून दाखला मिळतो, व नोंदणी रद्द करून घेणें सोपें जातें. क्रमांक रद्द न करतां विकलेली गाडी ही धन्याच्या नांवावर लटकत राहिलेली जोखीम आहे.

वाचक विचारतील कीं, आपण स्वतः काय केलें ? गेल्या दिवाळींत आम्ही दोघे बंधु हातोडी घेऊन त्या ट्रकाखालीं शिरलों. सांगाडा खणखणीत निघाला. मागच्या एका जोडपट्टीस मात्र चीर आहे. इंजिन आठ दिवस तेलांत ठेवल्यावर हातानें फिरलें. त्या वेळीं थोरल्या बंधूंच्या तोंडावर जें दिसलें त्यावरून, त्यांचा राग ट्रकावर नसून आमच्या टाळाटाळीवर होता, हें आम्हांस कळलें. ठरलें तें असें : ठिबकाचा खर्च आधीं, तो झाला आहे, वारसांचीं नांवें लावण्याचा अर्ज दिला आहे, येत्या दोन वर्षांत इंजिन व ब्रेक एवढेंच करावयाचें, व ट्रक आपल्याच जमिनींत खळ्यापासून विहिरीपर्यंत चालला कीं पुरे. तोंपर्यंत न जमल्यास इंजिन शाळेस द्यावयाचें व बाकीचें मोडावयाचें. हें कागदावर लिहून दोघांनींहि सही केली आहे.

शेतकरी म्हातारा बैल दावणीस ठेवतो. परंतु ठेवल्यावर त्यास वैरणपाणी घालतो आणि पावसांत उभा करीत नाहीं. वडिलांच्या ट्रकाविषयीं ज्यांस माया वाटते त्यांनीं निदान एवढें तरी करावें. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीं आपल्या खळ्यावरील गाडीखालीं एकदां शिरून पाहावें, घरच्यांस एकत्र बसवावें व निर्णय लिहून ठेवावा. तो ठेवण्याचा असो कीं मोडण्याचा असो, त्यानें घरांतील एक जुना अबोला सुटेल, अशी आम्हांस स्वानुभवानें खात्री आहे.