नवे ग्रेडर आपल्याच घरातले



कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली. तिच्या केंद्रांवर ज्यांनी गाडीखाली रात्री काढल्या, त्यांना ग्रेडर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तो मूठभर कापूस हातात घ्यायचा, बोटांनी विंचरायचा आणि बोलेल तो ग्रेड. पावती मिळायची, कारण मिळायचे नाही. त्या ग्रेडरच्या जागी आता दुसरा माणूस आला आहे. त्याच्या अंगात पांढरा कोट आहे, समोर यंत्र आहे, आणि तो आपल्या गावात येत नाही. तो मुंबईच्या उपनगरात बसतो. पुष्कळदा तो आपलाच मुलगा किंवा मुलगी असते.

परभणीला अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ साली निघाले. तेथून आणि त्यानंतर निघालेल्या अनेक महाविद्यालयांतून कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले शिकून बाहेर पडतात आणि पोटामागे मुंबई गाठतात. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या प्रयोगशाळा, सहार विमानतळाचा माल विभाग, मुलुंड-घाटकोपरचे फरसाणाचे कारखाने, बोरिवलीची मोठी दुकाने, सगळीकडे अन्नसुरक्षेची माणसे लागतात. केंद्राच्या अन्न प्राधिकरणाने २०१७ साली प्रशिक्षणाची योजना काढली. अन्न हाताळणाऱ्या दर पंचवीस माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हवा, असे त्यात ठरले. म्हणजे ही भरती थांबणारी नाही.

पोराला वाटते, नोकरी लागली. खरे तर तो जगभरच्या एका बिरादरीत दाखल झालेला असतो. अंतराळवीरांचे अन्न निर्धोक असावे म्हणून अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात धोका आधीच ओळखण्याची जी पद्धत बसवली गेली, तिची वही आज अंधेरीतही भरली जाते आणि हॉलंडच्या बंदरावरही. या बिरादरीची पंचायत म्हणजे कोडेक्स आयोग. राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून तो उभा केला. १९६३ साली त्याची पहिली बैठक झाली आणि १९६४ साली भारत सभासद झाला. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली आणि अन्नाच्या व्यापारातल्या भांडणात कोडेक्सची मापे प्रमाण मानली जाऊ लागली. डंकेल प्रस्तावावर आपण गावोगाव बैठका घेतल्या त्या भाव, सबसिडी आणि बियाण्यांवर. अन्नाच्या मापांचे कलम मात्र आपल्या चर्चेत फारसे आले नाही.

ज्वारीचे मापसुद्धा तिथे ठरलेले आहे, १९८९ सालापासून. ओलावा साडेचौदा टक्क्यांपेक्षा जास्त नको, अख्ख्या दाण्यात टॅनिन अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नको. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते?

आम्ही तपासणीच्या विरोधात नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. विष ते विष. सरकी ओली राहिली, पेंडीला बुरशी लागली, तर अफ्लाटॉक्सिन तयार होते. ती पेंड जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यातल्या म्हशीने खाल्ली की ते विष दुधात उतरते आणि ते दूध एखाद्या लेकराच्या पोटात जाते. २०१८ च्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले. ते पाणी घालून आलेले नव्हते, चाऱ्या-पेंडीतून आलेले होते. ओल्या जमिनीवर ढीग घालण्याची आपली सवय आपल्यालाच सोडावी लागेल.

तपासणी तर आपल्या फायद्याचीही ठरू शकते. खरिपाची ज्वारी कापणीच्या पावसात सापडली की काळी पडते. व्यापारी डोळ्यांनी पाहतो आणि भाव पाडतो. दाणा काळा पडला म्हणजे त्यात विष झालेच असे नाही. आणि विष असले तरी ते डोळ्यांना दिसत नाही. ते यंत्रच सांगू शकते. यंत्राने माल निर्धोक ठरवला तर भाव का पाडायचा, हा प्रश्न आपल्याला विचारता येईल. पण त्यासाठी यंत्राचा कागद आपल्या हातात हवा. तो येत नाही, आणि आमची तक्रार नेमकी हीच आहे.

नमुना आपल्या मालाचा, फी व्यापाऱ्याची, म्हणून अहवाल व्यापाऱ्याचा. माल उतरला तर कपात आपली. माल सरस निघाला तर? मुलुंडच्या दुकानात ज्वारीच्या पिठाच्या पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापलेले असते. ज्वारीत ग्लुटेन मुळातच नाही. पिकवणाऱ्याने ती तशीच दिली. गिरणीत गव्हाचे पीठ मिसळले नाही ना, किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत आहे ना, एवढेच प्रयोगशाळेने पाहिले. जादा पैसा त्या शिक्क्याला मिळाला, दाण्याला नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहा. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १८ ने शेतकऱ्याला आणि शेतावरच्या मालाला कायद्यातून वगळले. आपण खूष झालो, कारण इन्स्पेक्टर बांधावर येणार नाही. ते योग्यच झाले. पण शिक्षेतून वगळताना आपल्याला हिशेबातूनही वगळले. कलम ४० ने अन्न तपासून घेण्याचा आणि चौदा दिवसांत अहवाल मिळवण्याचा हक्क खरेदीदाराला दिला; पिकवणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. कारखानदाराचा नमुना सरकारी अधिकाऱ्याने घेतला, तर कलम ४७ प्रमाणे त्याचे चार भाग करून सील लावावे लागते, आणि कारखानदाराने मागणी केली तर एक भाग दुसऱ्या मान्य प्रयोगशाळेत जातो. अडत्याच्या दारात आपल्या पोत्यात बंबी घालून जो नमुना काढतात, त्याचे किती भाग होतात? एकच, आणि तो त्याच्याच खिशात जातो.

नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी याची किंमत मोजली आहे. २०१० साली युरोपात त्यांच्या द्राक्षात क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. इथे जी औषधे तपासायची यादी होती, तिच्यात ते नावच नव्हते. शेतकऱ्याने यादीप्रमाणे सारे केले आणि तरी तोच बुडाला. माप तिथे ठरले, यादी इथे ठरली, मध्ये निरोप देणारा कोणी नव्हता.

तो निरोप्या कोण होणार? अंधेरीला गेलेला आपलाच पोरगा. म्हणून या बिरादरीत नव्याने जाणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे. गावाच्या मालाला खोटा दाखला द्या, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. दाखला खराच द्या. पण मालाला नापास करताना कारण लिहा, आणि ते कारण मराठीत गावापर्यंत पोचेल असे पाहा. परदेशात माप बदलायला निघाले की पेरणीआधी आम्हाला कळवा. सुट्टीत घरी याल तेव्हा आपल्या बैठकीत एक तास बसा आणि ओलावा कसा मोजायचा ते दाखवा.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो. पहिली, बाजार समितीत नमुना शेतकऱ्यासमोर काढावा, सील करावा आणि एक भाग शेतकऱ्याला द्यावा. दुसरी, प्रयोगशाळेच्या निकालावरून भाव कापला तर त्या निकालाची नक्कल पट्टीला जोडावी. नक्कल नाही तर कपात नाही. तिसरी, केंद्राच्या अन्न प्राधिकरणात शेतकरी संघटनांसाठी कायद्यानेच दोन जागा आहेत. त्या जागांवर कोण बसते आणि ज्वारी-सरकीच्या मापांवर ते काय बोलतात, याचा हिशेब आपण मागावा.

जुन्या ग्रेडरला आपण नावे ठेवली, कारण तो परका होता. नवा ग्रेडर आपल्या घरातून गेला आहे. त्यालाही आपण परका होऊ दिला, तर पुढची पट्टी वाचताना दोष कोणाला देणार?