घरगुती चूल विझवा!

संगणकाच्या पोटातली संख्या कागदावर उमटवावयाची, तर तिला दहाने भागीत जावे, उरेल ती बाकी लिहावी आणि शेवटी सगळे अंक उलट क्रमाने मांडावेत. शाळकरी पोराला उमजेल अशी ही कृती. म्हणूनच ज्याला त्याला वाटते की, हे फंक्शन आपणच लिहावे. भाषेच्या प्रमाण लायब्ररीत ते तयार असताना ही वेगळी चूल कशासाठी, असा माझा रोकडा सवाल आहे.

‘आम्हांला परावलंबन नको,’ असे ही मंडळी म्हणतात. वाक्य बाणेदार खरे! पण त्यांच्या फंक्शनला उणे २१४७४८३६४८ ही संख्या देऊन पाहा. बत्तीस बिटांत ती मावते. अधिक बाजूला मात्र २१४७४८३६४७ पाशीच हद्द संपते. आधी उणे चिन्ह काढून मग भागाकार करणारा प्रोग्रॅम नेमका येथेच ठेचकाळतो. कर्निघन आणि रिची यांनी सी भाषेवरील आपल्या पुस्तकाच्या १९८८ च्या आवृत्तीत हा दोष स्वतःच सांगून त्याची दुरुस्ती स्वाध्याय म्हणून दिली आहे. आमच्याकडे स्वाध्याय सोडविणारे थोडे, उतरवून घेणारे फार!

अपूर्णांकांची गोष्ट याहून बिकट. ०.१ हा द्विमान पद्धतीत नेमका लिहिताच येत नाही. तो कमीत कमी अंकांत छापावा आणि तरी परत वाचल्यावर मूळची संख्याच हाती यावी, यासाठी स्टील आणि व्हाइट यांनी १९९० मध्ये रीत मांडली. २०१८ मध्ये उल्फ अ‍ॅडम्स यांनी ‘रियू’ ही वेगवान रीत दिली. सी++ च्या २०१७ च्या प्रमाणात ‘टू_चार्स’ हे फंक्शन याच कामासाठी आले. इतक्या वर्षांची तपश्चर्या आपण एका दुपारी उरकणार काय?

‘पण आमचे वेगवान आहे!’ असेल, मोजून दाखवा. चुकीचे उत्तर लवकर दिले म्हणून मी वर्गात कोणाला गुण देत नाही.

इवल्याशा यंत्रात लायब्ररीच मावत नसेल, तर गोष्ट निराळी. शिकण्यासाठीही हे फंक्शन एकदा जरूर लिहावे. पण गिरवलेली पाटी पुसावयाची असते; तिची कोणी खातेवही करीत नाही. त्या कोडातून निघालेला आकडा कुणाच्या तरी बिलावर, गुणपत्रिकेवर छापला जातो. तो माणूस आपले कोड तपासावयास येत नाही. छापलेल्यावर विश्वास ठेवतो. त्या विश्वासापुढे आपल्या हौसेची किंमत ती काय?